तलावात गेलेली रेघ

आमच्या नांदेडात सायकल चालवणाऱ्यांचा एक गट आहे. सायकल मी चाळीस वर्षं चालवतो, पण ती चालवायला गट लागतो हे मला निवृत्त झाल्यावर कळलं. दवाखाना, बँक, वकिली, क्लासेस अशा धंद्यांतली ही माणसं आठवडाभर चारचाकीतून खाली पाय टेकवत नाहीत आणि रविवारी पहाटे मात्र ढुंगणाला गादी शिवलेल्या तंग चड्ड्या घालून रस्त्यावर येतात. भाजी आणायला सायकलवर गेलेला माझ्या बघण्यात एकही नाही. यांची सायकल म्हणजे देवघरातला शंख, सणासुदीला वाजवायचा आणि पुसून ठेवायचा.

मी त्यांच्यात का गेलो, याचं खरं उत्तर घरात बसून कंटाळलो हे आहे. दुसरं उत्तर असं की त्यांना हसायला मला आवडतं.

गटाचा प्रमुख एक दातांचा डॉक्टर. सगळे त्याला कॅप्टन म्हणतात, आणि त्यालाही त्यात काही वावगं वाटत नाही. गेल्या वर्षी त्यानं नांदेड ते उदगीर अशी एका दिवसाची फेरी आखली आणि तिला ‘लेक अँड व्हॅली राईड’ असं नाव दिलं. कंधारच्या पुढं बालाघाटचे डोंगर, मधल्या दऱ्या, त्यात अडवलेले तलाव, मग मुखेडवरून उदगीर. ज्या रस्त्यांवर मी पावसाळ्यात चिखल तुडवत शाळेत गेलो, ते रस्ते यानं शोधून काढले म्हणे. छातीवर हे नाव छापलेले पिवळे बनियनही शिवून आले.

बैठकीत त्यानं भिंतीवर नकाशा दाखवला. कंधार सोडल्यावर त्याची निळी रेघ मोठा रस्ता सोडून डावीकडं वळली आणि तलावाच्या बाजूनं मुखेडकडं निघाली. मी सावध झालो. त्या तलावाकाठच्या गावात मी बारा वर्षं मास्तरकी केली आहे. तलाव व्हायच्या आधीचा जुना रस्ता त्याच्या पोटातून जातो. उन्हाळ्यात पाणी आटलं की तो रस्ता वर येतो, बुडालेल्या पुलाचे कठडे दिसायला लागतात, आणि गावकरी दोन-अडीच महिने त्यावरून बिनधास्त मोटारसायकली, ट्रॅक्टर नेतात. पाऊस झाला की रस्ता पुन्हा पाण्याखाली. आमची फेरी दसऱ्यानंतरची होती.

‘‘हा रस्ता तुम्ही बघितला का?’’ मी विचारलं.

‘‘मे महिन्यात स्वतः जाऊन आलो, सर. जीपनं. एकदम काठाकाठानं जातो, काय व्ह्यू आहे!’’

उंटावरून शेळ्या हाकणं म्हणतात ते हेच. ज्याला तो काठ समजला तो तलावाचा तळ होता, हे जीपच्या काचा बंद असल्यामुळं त्याला समजलं नसावं. मी सांगायला तोंड उघडलं. ‘‘पण पावसाळ्यानंतर तिथं...’’

‘‘सर, तुमच्या काळात तसं असेल,’’ तो हसत म्हणाला. ‘‘आता सगळं फोनवर असतं.’’ बाकीचेही हसले. परवा सायकल शिकलेला एक वकीलही हसला.

मी तोंड मिटलं. मनात म्हटलं, जा बाबांनो, बुडा. त्या दिवसापासून फेरीची वाट मी लहान लेकरानं जत्रेची बघावी तशी बघितली.

गटात एक सिस्टर होती, सरकारी दवाखान्यातली. देगलूरकडची, चाळिशी ओलांडलेली, अंगानं जाड. तिची सायकल साधी होती आणि पायात कॅनव्हासचे बूट. आमच्या फेरीत मागून टेम्पो येतो आणि दिवस मावळताना जो मागं राहिला असेल त्याला सायकलसकट उचलतो. सिस्टरला दोनदा असं उचललं होतं. तेव्हापासून ही सुशिक्षित मंडळी तिला ‘टेम्पो सिस्टर’ म्हणत. तीही हसायची. पण निघायच्या आदल्या दिवशी टायरात हवा भरताना ती मला म्हणाली, ‘‘सर, ह्या बारीला मला टेम्पोत बसायचं न्हाई. घरी सांगून आले, की पायानं जाईन अन् पायानंच पोचंन. दोन महिने झाले, ड्युटीच्या आधी रोज पहाटं सराव करून राहिले.’’

‘‘पोचाल हो,’’ मी म्हणालो. असं म्हणायला काही लागत नाही.

अंधारातच निघालो. कंधारपर्यंत कुठं केळी, कुठं फोटो, कुठं गुडघ्याला फवारे मारणं, असं करत वरात पोचली. किल्ल्यापाशी चहा झाला. सिस्टर शेवटी आली, उभ्यानंच चहा प्याली आणि सगळ्यांच्या आधी पुढं निघाली, म्हणजे मागं पडायला नको. तिचा हिशेब सरळ होता. सावकाश चालवायचं, पण थांबायचं नाही.

फाट्यावर आम्ही तिला गाठलं. उजवीकडं डांबरी रस्ता मुखेडला जात होता, डावीकडं कच्चा रस्ता तलावाकडं. कॅप्टननं हात उंच करून डावीकडं दाखवलं. तेव्हा मी बोलायला पाहिजे होतं. एक वाक्य पुरलं असतं. पण त्याच्या मनगटावरचं महागडं घड्याळ, तो हात आणि ‘फॉलो मी’ ऐकून माझ्या घशापर्यंत आलेलं वाक्य परत खाली गेलं. मी वळलो. माझ्या मागून सिस्टर वळली.

आठ किलोमीटर खडी होती. टेम्पो फाट्यावरच थांबला, कारण ड्रायव्हर शहाणा होता. बाभळी, सोयाबीनची कापलेली रानं, मग उतार आणि उताराच्या शेवटी पाणी. काठोकाठ भरलेलं, निळंशार. रस्ता सरळ त्यात शिरत होता. दोन म्हशी डुंबत होत्या, एवढीच काय ती वाहतूक.

कॅप्टन पाण्याच्या कडेला उभा राहून फोनकडं बघत होता. ‘‘इथं तर रस्ता दाखवतोय,’’ तो म्हणाला. वकिलानं आपला फोन काढला. त्यातही रस्ता होता. मग पाच-सहा जणांनी फोन काढून खात्री केली की समोर पाणी असलं तरी रस्ता आहेच. अति शहाणा त्याचा बैल रिकामा! खोटं कशाला बोलू, मला इतका आनंद झाला की तो लपवायला मी वाकून सायकलची चेन बघायला लागलो. लवकरच मंडळींनी माघारीचाही समारंभ केला आणि पाण्याकडं पाठ करून फोटोला उभी राहिली.

तेवढ्यात म्हशींचा मालक वर आला. म्हातारा. त्याच्या दोन पोरांना मी शिकवलं होतं. त्यानं मला लगेच ओळखलं.

‘‘अरे, सर! तुम्ही संगं असून हे लोकं हिकडं कसे आले? तुम्हाला तर ठाव हाय की, दसऱ्याला हितं दोन पुरुस पाणी असतंय!’’

मी घाईनं वर बघितलं. कॅप्टन आणि मंडळी फोटोत गुंतली होती, कुणी ऐकलं नव्हतं. सिस्टर तेवढी नुकतीच येऊन माझ्याशेजारी उतरली होती. ती पाण्याकडं बघत होती. मग तिनं बाटलीतलं पाणी दोन घोट प्यायलं, सायकल उचलून फिरवली आणि चढाला लागली. मला वाटलं, दमलीय, तिनंही ऐकलं नसेल.

ते आठ किलोमीटर परत, वर खडीचा चढ आणि डोक्यावर दुपारचं ऊन. फाट्यावर ती सगळ्यांत शेवटी पोचली. मुखेडला आम्ही जेवलो, ती जेवली नाही. दोन केळी पिशवीत टाकून पुढं निघाली. पुढच्या घाटात मी तिला ओलांडलं, तेव्हा ती सायकलवरून उतरली नव्हती. दात आवळून, एकेक पायडल रेटत होती. ‘‘शाब्बास,’’ मी म्हणालो. तिनं माझ्याकडं बघितलं नाही.

मी उदगीरला पोचलो तेव्हा दिवस कलला होता. एका मंगल कार्यालयात सोय होती. दिवस मावळल्यावर टेम्पो आला. मागं सिस्टरची सायकल आडवी, पुढं ड्रायव्हरशेजारी सिस्टर. चार किलोमीटर राहिले असताना तिला उचललं होतं. तिनं अजून थोडं चालवू द्या म्हणून विनवलं, पण नियम म्हणजे नियम, असं ड्रायव्हर सांगत होता. वकील टाळ्या वाजवत ओरडला, ‘‘आली, आली, टेम्पो सिस्टर आली!’’

मग पदकं वाटली. कॅप्टननं भाषण केलं. वाट चुकली असं तो म्हणाला नाही. ‘थोडं ॲडव्हेंचर झालं’ असं म्हणाला, आणि त्या माणसांनी त्यालाही टाळ्या दिल्या. सर्वांत ज्येष्ठ म्हणून माझ्या गळ्यात पहिलं पदक घातलं. मी मान वाकवून घालून घेतलं. सिस्टरही टाळ्या वाजवत होती.

नंतर हात धुवायला नळावर गेलो, तर ती तिथं पाय धूत होती. तळव्यांना फोड आले होते. काहीतरी बोलायचं म्हणून मी सुरू केलं, ‘‘हा कॅप्टन म्हणजे एक नंबरचा मूर्ख आहे. उन्हाळ्यात तलाव बघून पावसाळ्यानंतरची फेरी आखतो. याला...’’

तिनं नळ बंद केला.

‘‘त्या माणसाला ठाऊक नव्हतं, सर,’’ ती म्हणाली. आवाज चढलेला नव्हता. पेशंटच्या नातेवाइकाला सांगावं तसं सांगत होती. ‘‘तुम्हाला ठाऊक होतं. त्यांची जिरवायची होती तर जिरवा. पण फाट्यावर मी तुमच्या बाजूलाच हुबी होते. मला तरी सांगायचं होतं.’’

खरं उत्तर असं होतं, की फाट्यावर ती बाजूला असूनही मला दिसलीच नव्हती.