मावशीचं माप

मावशी माणसाच्या तोंडाकडे नंतर बघायची, आधी खांद्यांकडे. दारात बाई उभी राहिली की टेप न लावताच सांगायची, "छाती छत्तीस, खांदा चौदा. अन् डावा खांदा उतरलाय तुजा, घागर त्याच बाजूला घेतीस व्हय?" निमगाव केतकीतल्या निम्म्या बायकांचे ब्लाउज तिने शिवले. चौदा एप्रिल जवळ आली की आमच्या वस्तीतले सगळे पांढरे ब्लाउज तिच्या मशीनवर. कुणी घाई केली की फटकारायची, "अंगात बसंल असं पायजे का नुस्तं अंगावर पायजे?"

नवरा लवकर गेला, मूलबाळ नव्हतं. मला तिनेच शिकवलं. मी बारामतीत नोकरीला लागले तेव्हा तिने गावभर सांगितलं.

चाळिशीत ती फुगायला लागली. चेहरा गोल, लालबुंद, मानेमागे मांसाचा गोळा. बसून बसून सुटली, असं सगळे म्हणायचे. चेष्टा करण्यात मी पुढे. ती मात्र दर महिन्याला स्वतःचं माप वहीत लिहायची. एक दिवस तिने ती वही माझ्यापुढे आपटली. "पोट वाढतंय अन् दंड बारीक व्हत्यात. खाऊन सुटलेल्या बाईचा दंड आधी घट्ट व्हतो. हे खाण्याचं न्हाय."

वही बघून बारामतीच्या डॉक्टरांनी आम्हाला पुण्याला धाडलं. तिथल्या हार्मोनच्या डॉक्टरांनी रक्त तपासलं. मेंदूच्या तळाशी वाटाण्याएवढी ग्रंथी असते, तिच्यात गाठ असणार, तीच रक्तात नको तेवढं हार्मोन सोडतेय, असं ते म्हणाले. एमआरआय करून फिल्म दाखवायला आणा, गाठीची जागा कळली की नाकातून ऑपरेशन करता येईल.

तेव्हा एमआरआय पुण्यातही नवलाईचं होतं. मावशी त्या मशीनच्या बोगद्यातून घामाने भिजून बाहेर आली. तिथल्या माणसाने फिल्म दिव्यासमोर धरली. "गाठ-बिठ काही दिसत नाही." आनंदाने मला रडूच फुटलं. डॉक्टर दुसऱ्या दिवशी भेटणार होते. मी म्हटलं, आता कशाला? पेढे घेतले आणि दुपारचीच एसटी पकडली.

एसटीत मावशी एवढंच बोलली, "पण माजं माप चुकत न्हाय गं."

"एवढ्या मोठ्या मशीनपेक्षा तुझी टेप शहाणी का?" मी म्हटलं. ती हसली. त्यानंतर तिने ती वही उघडली नाही.

पुढे तिची कातडी पातळ झाली, जरा धक्का लागला की काळीनिळी पडायची. पुन्हा पुण्याला न्या, असं कुणी म्हटलं तर मीच अंगावर जायची. फिल्म कोरी आहे, उगाच घाबरवू नका. शेवटी साधा खोकला छातीत उतरला आणि आठ दिवसांत ती गेली.

महिन्याभराने मी फिल्म घेऊन पुण्याला गेले. डॉक्टरांनी ती बराच वेळ पाहिली. "बारीक गाठ कधी कधी दिसतच नाही यात. रक्तात तर स्पष्ट होतं. त्या हार्मोनने अंगातली प्रतिकारशक्तीच जाते, मग साधा खोकलाही जिवावर बेततो. आम्ही दुसऱ्या तपासण्या करून शोधली असती. तुम्ही परत का आला नाहीत?"

मी फिल्म परत पाकिटात सरकवली.

दवाखान्यात शेवटच्या दिवशी मावशीला धड बोलवत नव्हतं. तरी धापा टाकत ती शेजारच्या खाटेवरच्या बाईला सांगत होती, "ही माजी पोर. डोक्याचं आपरेशन करनार हुते माजं. हिनंच वाचिवलं बगा मला." मी तिचा हात धरून ते ऐकत होते.