म्हणे साधी गाठ

आमच्याकडे घरात कोणी गंभीर आजारी पडलं की माणसं मराठी बोलायची थांबतात. एरवी या बांधावरून त्या बांधावर हाका मारणारी माणसं दवाखान्याच्या पायरीवर आवाज खाली आणतात आणि त्यांच्या तोंडात रिपोर्ट, स्टेज, रिस्क, पॉझिटिव्ह असले शब्द येऊ लागतात. त्यांचा अर्थ निम्म्यांना ठाऊक नसतो. आजारी माणसाला तो अजिबात कळत नाही एवढी खात्री असली की त्यांचं भागतं.

मला याची चीड येते, कारण हे शब्द माझ्या पोटापाण्याचे आहेत. मी राहते इंदापूरला आणि बारामतीत नर्सिंगच्या मुलींना इंग्रजी शिकवते. उपचार आणि उपचारांचा खर्च यांवर बोलण्यासाठी लागणाऱ्या शब्दांचं एक आख्खं प्रकरण आमच्या अभ्यासक्रमात आहे. प्रोग्नोसिस, कन्सेंट, कव्हरेज, को-पेमेंट, आउट-ऑफ-पॉकेट. एकदा कन्हेरीच्या एका मुलीनं विचारलं, "मॅडम, को-पेमेंट पेशंटला मराठीत कसं सांगायचं?" बाकीच्या फिदीफिदी हसल्या. मी म्हटलं, "थोडं विमावाले भरणार, थोडं तुम्ही." ती म्हणाली, "एवढंच?" एवढंच. यातले बहुतेक शब्द एवढेच असतात, आणि ज्याला ते सोपे करून सांगायचे नसतात त्याच्या मनात काहीतरी वेगळं असतं, असं माझं ठाम मत आहे. ते मत माझ्या आईच्या आजारपणात झालं आणि आता कोणाच्या बापाला ते बदलता येणार नाही.

आई कोऱ्हाळे बुद्रुकला राहते. वडील गेल्यापासून ऊस तीच बघते. पाण्याची पाळी, खत, कारखान्याकडची नोंद, सगळं. माझा भाऊ तिच्याजवळ असतो, पण त्याची नोकरी बारामतीच्या एका कंपनीत. रानातलं त्याला फारसं कळत नाही आणि आई त्याला कळू देत नाही. शेजारीच तात्या राहतात, म्हणजे वडिलांचे धाकटे भाऊ. घरातल्या कुठल्याही मोठ्या गोष्टीत शेवटचा शब्द तात्यांचा.

दिवाळी झाल्यावर आई मला म्हणाली, "छातीत गाठ लागतीया गं हाताला." मी तिला बारामतीच्या दवाखान्यात नेलं. गाठीचा तुकडा तपासायला गेला. रिपोर्टच्या दिवशी आई, भाऊ, तात्या आणि मी असे चौघं गेलो. सिस्टरनं दार उघडून सांगितलं, "नातेवाईकांनी आत या." आईही उठली, तर तिला म्हणाली, "मावशी, तुम्ही बसा निवांत." आई पिशवी मांडीवर घेऊन परत बसली. जिच्या अंगात गाठ होती ती बाहेर आणि आम्ही तिघं आत.

डॉक्टर तात्यांकडे बघत म्हणाले, "मॅलिग्नन्सी आहे. पण अर्ली स्टेज. लवकर सर्जरी केली तर प्रोग्नोसिस चांगला आहे." तात्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी म्हटलं, "कॅन्सर आहे. पण वेळेत कळलाय. लगेच ऑपरेशन केलं तर आई बरी होण्याची खूप आशा आहे." 

आईला कॅन्टीनमध्ये चहा घेऊन दिला आणि आम्ही बाहेर गेटजवळ उभे राहिलो. तात्या म्हणाले, "वैनीला येवढंच सांगायचं. साधी गाठ हाय, काढली की झालं."

"तात्या, आजार तिचा हाय," मी म्हटलं.

"ती खचंल. मानूस रोगानं जात न्हाय, भीतीनं जातंय."

भाऊ खाली बघत म्हणाला, "तात्या म्हनत्यात ते बरोबर हाय."

तात्या बरीच वर्षं गावच्या विकास सोसायटीच्या कमिटीवर होते. वार्षिक सभेत विषय वाचून व्हायच्या आतच सभासद "मंजूर, मंजूर" ओरडतात, त्याची त्यांना सवय आहे. गेटजवळची सभाही तशीच उरकली. विरोधी मत माझं एकटीचं होतं आणि ते इतिवृत्तात आलं नाही.

आईला सांगण्यात आलं. ती म्हणाली, "बरं झालं बाई, जीव भांड्यात पडला." आणि येताना तिनं नातवंडांना केळी घेतली. गाडीत मागच्या सीटवर ती माझ्या शेजारी बसून केळीचा भाव जास्त लावला म्हणून कुरकुरत होती आणि मी खिडकीबाहेर बघत होते. इतका राग मला आयुष्यात कधी आला नव्हता.

पुढच्याच आठवड्यातली ऑपरेशनची तारीख मिळाली. त्याच आठवड्यात कारखान्याकडून आमच्या उसाला तोड आली. तोडीची पाळी हुकली तर ऊसतोड्यांची टोळी दुसऱ्याच्या रानात जाते, ऊस उभ्या उभ्या वाळतो, वजन घटतं, हे आमच्याकडे शेंबड्या पोराला माहीत. आईनं जाहीर करून टाकलं, "ऊस गेल्याबिगर मी कुठं येत न्हाय."

तात्या म्हणाले, "वैनी, ऑपरेशन लवकर झालेलं बरं."

"का? साधी गाठ हाय न्हवं?"

"हाय साधीच. पर…"

"मग साधी गाठ काय पळून चाललीया? ऊस चाललाय."

तात्यांनी मग ठेवणीतलं काढलं. "वैनी, प्रोसिजर हाय ती. डिले करून चालत न्हाय."

"माझ्याम्होरं इंग्रजी फाडू नगा भावजी. ऊस गेला की मागनं फुटनाऱ्या खोडव्याला पानी द्यायचं, खत टाकायचं. मग बघू."

म्हणजे महिना तर सहज, पुढचंही सांगता येत नव्हतं. तिचं चुकत नव्हतं. साध्या गाठीसाठी तोडीची पाळी सोडणारी बाई आमच्या भागात शोधून सापडायची नाही. तिला वाचवायला म्हणून जे सांगितलं, तेच आता तिला घरी अडकवून बसलं होतं, आणि बोललेलं मागे घ्यायची हिंमत दोघा पुरुषांत नव्हती. डॉक्टरांचा तो "अर्ली" बांधावर वाया जाणार या भीतीनं मला जेवण जाईना. भावाचा फोन आला, "ताई, तूच समजाव तिला." मी म्हटलं, "समजावते. पण खरं सांगून." मागून तात्यांचा आवाज आला, "खबरदार!" मी फोन ठेवला आणि कोऱ्हाळ्याची वाट धरली.

आई रानातच होती. टोळी तोडत होती, मोळ्या बांधल्या जात होत्या, आणि ती बांधावर बसून उसाचे हिरवे शेंडे, वाढं, कोणी नेतंय का यावर डोळा ठेवून होती. मी शेजारी बसले. कितीतरी वेळ ती उसाबद्दलच बोलत राहिली. मग मी म्हटलं, "आई, गाठ साधी न्हाय. कॅन्सर हाय."

तिनं माझ्याकडे पाहिलं नाही. मला वाटलं, तात्या म्हणत होते तसं झालं की काय. मग ती म्हणाली, "कुनाकुनाला म्हाईत हाय?"

मी सांगितलं. तात्या, काकी, भाऊ, वहिनी. वहिनीच्या माहेरीही बहुतेक.

"म्हंजी सुनंच्या आईलाबी म्हाईत हाय," ती म्हणाली. "माझ्या अंगातली गोष्ट सोयऱ्याधायऱ्यांत फिरली आन मीच तेवढी ऱ्हायले व्हय गं?"

रडली नाही. चिडली. तिचा चेहरा लाल झाला आणि मला इतकं हायसं वाटलं की मीच रडायला लागले. ती म्हणाली, "तू कशाला रडतीस? डाक्टर काय म्हनला ते सगळं सांग. एक शब्द गाळू नगंस."

मी एकेक शब्द सांगितला. वर्गात शिकवते तसंच, फक्त समोर फळा नव्हता. मॅलिग्नन्सी म्हणजे वाढत जाणारी, पसरणारी गाठ. अर्ली म्हणजे अजून पसरलेली नाही. प्रोग्नोसिस म्हणजे पुढं कसं होईल याचा डॉक्टरांचा अंदाज, आणि तो चांगला आहे, पण लगेच ऑपरेशन केलं तर.

"येवढं सांगायला कुनाचं काय जात हुतं?" ती उठली, लुगड्याला चिकटलेलं पाचट झटकलं आणि टोळीच्या मुकादमाला हाक मारून म्हणाली, "उद्यापास्नं माझा पोरगा उभा ऱ्हाईल हितं. त्याला काय कळत न्हाय, तवा नीट तोडा."

त्याच आठवड्यात आम्ही परत दवाखान्यात गेलो. "नातेवाईकांनी आत या" म्हटल्यावर आई पहिली उठली. सिस्टर काही बोलायच्या आत ती आत जाऊन डॉक्टरांच्या अगदी समोरच्या खुर्चीत बसलीही होती. तात्या मागे उभे राहिले. डॉक्टर सवयीनं तात्यांकडे बघून बोलायला लागले, तशी आई म्हणाली, "दुखनं माझं हाय, डाक्टर. माझ्याकडं बघून सांगा. शब्द आडला तर माझी लेक हाय."

डॉक्टर बरे होते. त्यांनी खुर्ची वळवली आणि सांगितलं. दोन मार्ग होते. एक, पूर्ण स्तन काढायचा. दुसरा, फक्त गाठ आणि आजूबाजूचा थोडा भाग काढायचा, स्तन ठेवायचा, आणि नंतर पुण्याला रोज जाऊन काही आठवडे किरणांचे उपचार घ्यायचे.

खर्चाचं समजावून सांगायला एक मुलगी तिथं बसली होती. तिनं पॅकेज, कॅशलेस, अप्रूव्हल असं सगळं माझ्याकडे बघून म्हणून दाखवलं. पॅकेज हा शब्द आईनं फक्त मंगल कार्यालयवाल्याच्या तोंडून ऐकलेला. शेवटी ती मुलगी म्हणाली, "मॅम, या वयात पूर्ण काढणंच जास्त कॉस्ट-इफेक्टिव्ह असतं. पुण्याच्या चकरा पण वाचतात."

"काय म्हनली ती?" आईनं मला विचारलं.

हा शब्द मी कितीदा तरी शिकवला आहे. म्हटलं, "पूर्ण काढलं तर कमी खर्चात तेवढाच गुण येतो, असं म्हनती."

आई डॉक्टरांकडे वळली. "दोन्हीत गुन सारखाच येतो का?"

"तुमच्या बाबतीत हो. पण मग रेडिएशन पूर्ण घ्यावं लागेल. मधे सोडायचं नाही."

"मधी सोडनारी मी न्हवं. मग ठेवून करा."

तात्या छताच्या पंख्याकडे बघायला लागले. भावजयीच्या अंगाविषयी भावजयीच्याच तोंडून ऐकायची वेळ त्यांच्यावर कधी आली नव्हती. तरी ते बोललेच, "वैनी, आता ह्या वयात काय करायचं ते ठेवून? कशाला पुन्याला हेलपाटं…"

आईनं मान वळवली. "भावजी, तुमचं दात पडलं तवा तुमी पुन्याला जाऊन कवळी बसवून आला. कितीदा गेला? तवा म्हनलं का तुमाला कुनी, ह्या वयात कशाला? आन त्ये तर तुमचं पडल्यालं हुतं. माझं हाय अजून."

डॉक्टरांनी मान खाली घातली, पण हसू काही लपलं नाही. तात्या बाहेर जाऊन बसले. त्यांचं आईवर प्रेम आहे, हे मी नाकारत नाही. पण ज्या प्रेमाला आपल्या माणसाला त्याचाच आजार सांगवत नाही, ते प्रेम मला नको आणि माझ्या आईलाही नको.

ऑपरेशन झालं. पुढे किरणांसाठी ती माझ्याकडे इंदापूरला राहिली. लेकीच्या सासरी मुक्काम करायचा नसतो, असं सांगायला चार बायका आल्या. त्यांना तिनं चहा पाजून परत पाठवलं. पुण्याहून येताना ती फार थकायची. कधी भिगवणला गाडी थांबवायला लावून चिलापी मासा मागवायची, दोन घास खायची आणि बाकी मला संपवायला लावायची. कातडी काळवंडली, आग व्हायची, एकदोनदा म्हणालीही, "नगं वाटतंय आता." दुसऱ्या दिवशी मी उठायच्या आत तिचं आवरलेलं असायचं. एकही दिवस तिनं चुकवला नाही.

आता तपासण्या चालू आहेत. डॉक्टर म्हणतात सध्या काही दिसत नाही, पण येत राहा. हे तिला ते स्वतः सांगतात. पुढचं कोणालाच माहीत नाही आणि आम्ही ते माहीत असल्याचं सोंगही करत नाही.

मधे मी कोऱ्हाळ्याला गेले होते. आई अंघोळीला बसली होती. आतून हाक आली, "पाठ घासून दे गं जरा." इतक्या वर्षांत तिनं मला कधी न्हाणीत बोलावलं नव्हतं. आत गेले. ती पाटावर बसली होती, तिनं अंगावरचं ओलं पातळ बाजूला केलं आणि सरळ माझ्याकडे वळून बसली. एका बाजूला वण होता, थोडा खड्डा होता, कातडी अजून गडद होती.

"बघ," ती म्हणाली. "हाय का न्हाय माझं मला?"

मी मान डोलावली. अभिमानानं ऊर भरून येणं म्हणजे काय ते मला तेव्हा कळलं.

"मग घास आता," ती पाठ फिरवत म्हणाली. "पानी गार व्हतंय."