विठ्याच्या घाटापर्यंत साइडकारमधून

पहाटे नगर सोडलं तेव्हा सावेडीच्या शेतांवर अजून धुकं होतं. मी साइडकारमध्ये बसले होते. मांडीवर भाकऱ्यांचं गाठोडं, पायाशी पेट्रोलचा डबा. युद्ध संपून दोन दिवाळ्या झाल्या होत्या, तरी पेट्रोल कुपनावरच मिळत होतं. आम्ही तीन महिन्यांची कुपनं या एका सफरीसाठी राखून ठेवली होती. जायचं होतं भंडारदऱ्याला, धरण बघायला.

माझे यजमान शमुवेलराव तेव्हा नगरला लष्कराच्या वर्कशॉपात फिटर होते आणि मी मुलींच्या शाळेत शिकवत होते. आमची फटफटी (मोटारसायकल) लष्कराच्या लिलावात घेतलेली. इंग्लिश बनावटीची, एका सिलिंडरची, डाव्या अंगाला साइडकार जोडलेली. रविवारी उपासनेला आम्ही तिच्यावरूनच जात असू.

विळदचा घाट उतरून राहुरीला पोचलो तोवर ऊन अंगावर आलं होतं. पुढे कालव्याचा मुलूख लागला. दोन्हीकडे ऊस, वाटेत गाड्यांची रांग. आमची फटफट ऐकून बैल बुजायचे आणि गाडीवान उठून उभे राहायचे. साइडकार जमिनीपासून हातभर उंच असते, त्यामुळे मला सगळं खालून दिसायचं. बैलांचे गुडघे, चाकाला चिकटलेलं पाचट, बांधावरची घाणेरीची फुलं.

कोल्हारला बापूराव भेटायचे होते. हे बेलापूरकडचे बागायतदार, शमुवेलरावांचे लिलावातले दोस्त. त्यांनी त्याच लिलावात अमेरिकन फटफटी घेतली होती. दोन सिलिंडरची, म्हशीएवढी, टाकीवर पांढरा तारा तसाच ठेवलेला. चहाच्या दुकानासमोर ती उभी होती आणि भोवती निम्मं गाव.

"काय वहिनी, शिलाईचं मशीन आणलं का?" बापूरावांनी विचारलं.

"शिलाईचं मशीन एका लाथेत चालू होतं," शमुवेलराव म्हणाले. "तुमची म्हैस किती लाथा खाते?"

"म्हैस लाथा खात नसते, मारते."

चहा होईपर्यंत दोघांचं हेच. आमची किती मैल जाते, त्यांची चिखलातून कशी निघते, कोणाचा आवाज कोणत्या शिवेपर्यंत ऐकू येतो. बापूरावांच्या पत्नीने मात्र त्यांच्या फटफटीवर एकदाही पाय ठेवला नव्हता. "ती म्हणते, मागं बसून तुमची पाठच बघायची तर घरी काय वाईट आहे?" ते हसून म्हणाले.

संगमनेरला एका खाणावळीत शेंगोळे मिळाले (हुलग्याच्या पिठाची वेटोळी, लसणाच्या रश्श्यात शिजवलेली). अकोले गाव मागे पडल्यावर रस्ता खडबडीत झाला आणि डोंगर जवळ आले. विठा गावाजवळ, घाटाच्या पायथ्याशी, इंजिनं गार करायला आम्ही थांबलो. तिथून वर सह्याद्रीची निळी भिंत दिसत होती. आता तासाभराचा रस्ता उरला होता.

तिथेच घात झाला. निघताना शमुवेलराव म्हणाले, "बापूराव, तुमची म्हैस मी चालू करतो. एका लाथेत." आणि तिच्यावर चढलेसुद्धा. त्या गाडीला डाव्या हाताशी ठिणगीची एक मूठ होती. चालू करताना ती फिरवून ठेवावी लागे, नाही तर इंजिन उलटं मारतं. आमच्या गाडीची तऱ्हा वेगळी.

"अहो थांबा, ती मूठ..." बापूराव ओरडले, तोवर लाथ बसली होती. किकचा दांडा उलट आला. शमुवेलराव रस्त्याच्या कडेला पडले तेव्हा त्यांचा उजवा पाय घोट्याशी भलत्याच बाजूला वळला होता.

ते ओरडले नाहीत. एवढंच म्हणाले, "मोडला."

मी बूट कापून काढला. बघता बघता पाय सुजून काळानिळा झाला आणि बोटं थंड पडली. रस्त्यावर मोटार दिसत नव्हती. बैलगाडीने संगमनेर गाठायला रात्र गेली असती. बापूराव म्हणाले, "तुमची गाडी मी चालवतो. ह्यांना साइडकारमध्ये घाला, वहिनींनी मागं बसावं."

आम्ही तसं केलं. पण साइडकारची गाडी कलत नाही, हे बापूरावांच्या अंगवळणी कुठलं असणार? पहिल्याच वळणाला ते सवयीने अंग टाकायला गेले, गाडी सरळच गेली आणि रस्त्याकडेच्या चारीत उतरली. शमुवेलराव आता मात्र ओरडले.

गाडी ढकलून वर काढायला जवळच्या झोपडीतली माणसं आली. बापूराव गाडीपासून बाजूला झाले. "माझ्याच्यानं नाही होणार," ते म्हणाले.

मी म्हणाले, "मी नेते."

भिंगारच्या माळावर शमुवेलरावांनी मला चार-पाच वेळा ही गाडी गोल फिरवायला दिली होती, गंमत म्हणून. रस्त्यावर मी ती कधी घातली नव्हती. दुसऱ्या गिअरच्या पुढे गेले नव्हते. पण ती कधी कुठे ओढते हे मला ठाऊक होतं. वेग दिला की डावीकडे, ब्रेक दाबला की उजवीकडे. डाव्या वळणाला साइडकारचं चाक उचलतं तेही ठाऊक होतं, कारण त्याच्यासोबत दर वेळी मीच उचलली जात होते.

शमुवेलराव म्हणाले, "सरला, हा रस्ता आहे, माळ नाही."

"मग दुसरं कोण आहे?"

झोपडीतली बाई, ठकूबाई तिचं नाव, माझी गोल साडी बघत होती. "तुमी चालिवनार व्हय ह्ये? ह्या साडीनं न्हाई व्हायचं. चाकात गेली म्हंजी?" ती आत गेली आणि स्वतःचं धुतलेलं लुगडं घेऊन आली. झोपडीच्या आडोशाला तिने मला घट्ट कासोटा घालून दिला. "आता बसा. लई नेट लावू नगा, पन थांबू बी नगा."

मी मनात प्रार्थना केली आणि लाथ मारली. बापूराव आपली म्हैस घेऊन पुढे निघाले, बैलगाड्या बाजूला करत. पहिले दोन मैल शमुवेलराव सांगत होते, "क्लच. आता गिअर. हळू. अगं हळू!" एका डाव्या वळणाला साइडकार उचलली गेली, त्यांनी दोन्ही हातांनी कड धरली आणि मी म्हणाले, "अंग बाहेर टाका, डावीकडे. मी टाकते तसं." त्यांनी टाकलं. चाक खाली आलं. त्यानंतर प्रत्येक डाव्या वळणाला ते आधीच अंग टाकू लागले.

संगमनेरच्या दवाखान्यात दिवे लावायच्या आत पोचलो. डॉक्टरांनी पाय ओढून बसवला, प्लास्टर घातलं. बोटं पुन्हा गरम झाली तेव्हा मी बाकावर बसले आणि मग मला हुंदका आला. बापूराव चहा घेऊन आले आणि दाराकडे तोंड करून उभे राहिले.

घरी कसं जायचं यावर दोन दिवसांनी वाद झाला. शमुवेलरावांचं म्हणणं, आपण प्रवासी सर्व्हिस मोटारीने जाऊ, गाडी मागाहून ट्रकने आणू. "अडचणीची गोष्ट वेगळी होती. नगरच्या बाजारातून तू चालवत निघालीस तर लोक काय म्हणतील?"

"म्हणतील, नवऱ्याचा पाय मोडलाय."

त्यांनी प्लास्टरवर हात फिरवला. मग म्हणाले, "तिसऱ्या गिअरला घाई करू नकोस. एवढंच."

बापूराव कोल्हारपर्यंत सोबत आले. ठकूबाईचं लुगडं त्यांनी पुढच्या आठवड्यात विठ्याला पोचवलं, सोबत मी घेतलेलं एक नवंही.

प्रवासवर्णनात परतीच्या वाटेचंही काही लिहावं. पण मला ते जमत नाही. ऊस होता, गाड्या होत्या, राहुरीला मुळा ओलांडली, हे सगळं झालंच असणार. मला आठवतो तो फक्त पुढचा पाच-सहा हात रस्ता, त्यातले खड्डे आणि मुठीतून खांद्यापर्यंत चढणारा थरकाप. विळदच्या चढाला मी पहिल्यांदा तिसऱ्यातून दुसऱ्यात नीट आले. शेजारून शमुवेलराव म्हणाले, "सरला, ती बघ, फुलं काय फुललीयेत बांधावर!"

मी बघितलं नाही. समोरून गाडी येत होती.