चर्चमधला दुपट्टा
लाइट गेल्यावर मेणबत्ती लावली, की इंग्लंडमधलं ते संगीत महोत्सवाचं जुनं गाव आठवतं. नोकरीमुळे मी तिकडे होतो आणि वैनगंगेत मासे धरणारे बाबा मला भेटायला आले होते. मेणबत्त्यांनी उजळलेल्या दगडी चर्चमध्ये गाणं होतं. आमच्याकडे झाडीपट्टीच्या नाटकाला लोक जमिनीवर अंथरतात तसा बाबांनी बाकांपुढे दुपट्टा अंथरला आणि मांडी घातली. “बाबा, उठा ना, लोक पाहून राह्यले,” मी म्हणालो. “पाहू दे. मागं बसून का गानं आयकाचं?” तेवढ्यात व्यवस्थेतली एक म्हातारी आली. ती बाबांना उठवणार, असं मला वाटलं. पण तिने बाकावरची भरतकामाची उशी आणून त्यांना दिली. बाबांनी अर्धा दुपट्टा हाताने झटकला आणि म्हणाले, “बसा बाई.” गाणं संपेपर्यंत ती त्यांच्या शेजारीच बसली. तो दुपट्टा आता मी नाटकाला नेतो आणि अर्धा मोकळा ठेवतो.