पायरीवर बसायचा नियम

कुणीही नियम सांगितला की चौकटसाहेब विचारायचे, "आणि नाही केलं तर?" तहसीलदारांना हेच, चहावाल्यालाही हेच. उत्तर मिळालं की कागदावर चौकट काढायची, तिच्यात त्या माणसाचं काम लिहायचं, पुढच्या चौकटीकडं बाण ओढायचा. चौकटसाहेब हे नाव मीच ठेवलं.

लातूर जिल्हा नवा झालेला, दुष्काळ मात्र जुनाच. टँकरचा कारभार कॉम्प्युटरवर घ्यायचं ठरलं होतं. कुणी काय करायचंच, कुणाला मुभा, कुणाला मनाई, हे आधी लिहून काढायला या हदगावकडच्या माणसाला आमच्या कचेरीत धाडलं. मी तिथं शिपाई. शिक्षण चौथी, पण माझ्या हातून एक कागद कधी हरवला नाही.

सगळ्यांनी त्यांना जीआर वाचून दाखवला. तलाठ्याचा अहवाल येतो, तहसीलदार सही करतात, टँकर सुटतो. तीन चौकटी झाल्या. मग ते खुर्ची सोडून माझ्या स्टुलाशेजारी येऊन बसले. दोन दिवस नुसते बघत होते.

"मामा, अर्जांचा ढीग आहे. त्यात वरचा कोणता, हे कसं ठरतं?"

"ज्या गावचे लोक पायरीवर येऊन बसले त्यांचा वर. पाच तरी पाहिजेत. दुपारपर्यंत बसले की टँकर हालतो."

"आणि नाही बसले तर?"

"मग त्यांना तहान न्हाई असं धरत्यात."

त्यांनी जसंच्या तसं लिहिलं. "कागद वर कोण ठेवतं?"

"मीच की."

"कुणी सांगितलं?"

मला राग आला. मला कुणी सांगावं लागत नव्हतं. त्यांनी माझी चौकट काढली, तहसीलदारांएवढीच मोठी. मग ढिगाच्या तळातून एका तांड्याचा अर्ज काढून माझ्यापुढं धरला. दोन महिन्यांचा. गडीमाणसं ऊसतोडीला गेलेली, मागं म्हाताऱ्या. बसणार कोण?

चौकटसाहेबांनी लिहून दिलं, कुणी बसो न बसो, जुना अर्ज आधी. तहसीलदार भडकले. "ही पायरी कोणत्या जीआरात आहे?"

"कुठल्याच नाही. पण आख्ख्या तालुक्याला पाठ आहे."

चौकटसाहेबांनी ते खोडायला नकार दिला, मग दुसऱ्यानं खोडलं. आठवड्यात त्यांची नेमणूक संपली. जाताना म्हणाले, "मामा, तुमचीही चौकट गेली. त्यांच्या लेखी कागद आपोआप वर येतो." पुन्हा काही ते भेटले नाहीत.

आपोआप! हे मला लई झोंबलं. दुसऱ्या दिवशी पायरीवर भलत्याच गावचे सात जण बसलेले असताना मी तांड्याचा अर्ज वर ठेवला.

"यांचं कोण बसलंय?" तहसीलदारांनी विचारलं.

"कुणी न्हाई रावसाहेब. अर्ज जुना हाय."

सही झाली. मला मेमोही मिळाला, तो मात्र माझ्या नावानं.

टँकर गेला. दोन दिवसांनी तांड्यावरच्या दोन म्हाताऱ्या चालत कचेरीत आल्या. चार चांगले शब्द बोलतील म्हणून मी टोपी नीट केली.

"आमच्या वतीनं कोण बसलं होतं, दादा?"

"कुणीच न्हाई, माय. आता बसावं लागत न्हाई."

त्यांनी एकमेकींकडं बघितलं. पटलं नसावं. पुढच्या खेपेसाठी दोघी दुपारपर्यंत पायरीवर बसून राहिल्या.