बबनकाकांचा सांगावा

बबनकाका गेल्याचं मला फोनवर कळलं, आणि मी विश्वास ठेवला नाही. कारण फोनवर ते एकदा आधीच वारले होते.

सकाळचे सात वाजले असतील. भुकूममधल्या माझ्या भाड्याच्या खोलीबाहेर धुकं इतकं दाट होतं की समोरची नवी इमारत अर्धीच उरली होती, वरचे मजले कुठेतरी विरघळून गेले होते. गावाच्या ग्रुपवर कुणीतरी गुलाबाच्या फुलांचं सुप्रभात पाठवलं होतं, त्याखाली तलावाकाठच्या एका रिसॉर्टची जाहिरात, आणि त्याखाली काकांचा फोटो. तोच जुना, लग्नातल्या गर्दीतून कापून काढलेला, खांद्यावर दुसऱ्याच कुणाचा तरी हात असलेला. पुढे जोडलेल्या हातांच्या चित्रांची रांग लागली होती. मी फोन पालथा ठेवला. वाटलं, दुपारपर्यंत ते स्वतःच दारात येऊन उभे राहतील आणि म्हणतील, "मेलो न्हाई गं अजून, च्या टाक."

कारण दोन वर्षांपूर्वी असंच झालं होतं. बबनकाका माझ्या वडिलांचे चुलतभाऊ, माले गावात राहायचे, हाताला गवंडीकाम. शेजारच्या वाडीत दुसरे एक बबन वारले, आणि घाईत कुणीतरी ग्रुपवर आमच्या बबनकाकांचा फोटो चिकटवला. मी तेव्हा रात्रपाळी करून परतताना ऑफिसच्या बसमध्ये होते. दहा मिनिटांत मी त्यांच्यावर भला मोठा लेख लिहून फेसबुकवर टाकला. श्रमिकांचा आवाज, चळवळीचा निष्ठावंत शिपाई, दुसऱ्यांची घरं उभारणारे हात... शब्द भराभर येत होते. लोक रडवेल्या चेहऱ्यांची चित्रं टाकत होते, अनोळखी माणसं 'जय भीम' लिहीत होती, आणि मी दर दोन मिनिटांनी किती जणांनी वाचलं ते पाहत होते. आज लाज वाटते, पण खरं तेच लिहायला हवं. त्या तासाभरात मला दुःखापेक्षा लेख चांगला जमल्याचं समाधान जास्त होतं. काकूला एक फोन करावा, हे मला सुचलं नाही.

दुपारी काका एसटीने भुकूमला आले. नखांत सिमेंट, खांद्यावर टॉवेल. सकाळपासून ते घरोघर फिरत होते. "ज्यांनी ज्यांनी श्रद्धांजली वाह्यली त्यांचं आभार मानाया निगालोय," म्हणाले. "त्यो पाटलाचा सदा तर दार उघडून पुन्यांदा लावाया लागला." मग खाली बसून म्हणाले, "तू लई मोठं लिवलंयस म्हनं. वाच की." मी वाचलं. मान हलवत, मन लावून ऐकलं त्यांनी. शेवटी म्हणाले, "चांगलं लिवलंस. पर तू आली न्हाईस."

मी काहीतरी सारवासारव करू लागले. त्यांनी हातानेच थांबवलं. "माझं जाऊ दे, मी जित्ता हाय. खरा मेलेला बबन तिकडं पडून हाय, आनि तुमी समदी माझ्यावर लिवत बसलाय. त्याच्या दारात चार मानसं न्हाईत." चहा अर्धा ठेवून ते उठले आणि त्या दुसऱ्या बबनच्या वाडीला गेले. मी गेले नाही. मला पोस्ट काढून टाकायची होती, आणि तिच्या जागी खुलासाही लिहायचा होता.

मी पत्रकांवर वाढलेली मुलगी आहे. आमच्या घरात धान्याच्या कणगीशेजारी पत्रकांचे गठ्ठे असायचे, गुलाबी आणि पिवळ्या कागदाचे, हातात घेतले की बोटांना शाई लागायची. बाबा पौडच्या बाजारात ती वाटायचे. मी अक्षरं त्यांच्यावरच शिकले. 'ब' बहिष्काराचा, 'ह' हक्काचा. त्यामुळे माझं साधं बोलणंही पत्रकासारखं असतं, असं काका म्हणायचे. "ही पोरगी मीठ मागाया आली तरी आदी मागन्या वाचून दावती." मी मोठी झाले तेव्हा कागद गेला होता आणि फोन आला होता, आणि मला त्यात वावगं काही वाटलं नाही. जे आमच्याबद्दल कुणी छापत नव्हतं ते मी लिहू शकत होते. विहाराकडे जाणारी पायवाट एका बंगलेवाल्याने तारेचं कुंपण घालून अडवली, तेव्हा मी फोटो टाकला, पुण्यातून माणसं आली, आणि आठवड्यात कुंपण निघालं. काकांनीही ते मान्य केलं. "कुंपन तुझ्या फोनानं हाललं. मी न्हाई म्हनत न्हाई." पण मी माझा जुना फोन त्यांना दिला तेव्हा दोन दिवसांनी तो स्वच्छ फडक्यात गुंडाळून त्यांनी परत आणला. त्यांच्याकडे बटणांचा एक छोटा फोन होता, कामाचे निरोप घ्यायला. तेवढा पुरे म्हणायचे.

पण मला टोचत होतं ते वेगळंच. काका सांगावे न्यायचे. गावात कुणी गेलं की त्या घरच्यांना विचारायचे, कुणाकुणाला कळवायचं राहिलं, आणि फोन नसलेल्या, रेंज नसलेल्या, एकट्या म्हाताऱ्या माणसांकडे स्वतः जायचे. कधी एसटीने, कधी पायी. कुणी सांगितलेलं नसायचं, कुणी काही द्यायचंही नाही. आणि मला ते पाहवत नसे. कारण आमच्या पणज्या-खापरपणज्यांवर जातीने लादलेलं हेच काम होतं. कुणाच्याही घरी माणूस गेलं की यांनी उन्हापावसात निघायचं, पाहुण्यांच्या गावी जायचं, अंगणाबाहेर उभं राहून ओरडून सांगायचं आणि तसंच माघारी फिरायचं. धम्म घेतल्यावर आमच्या माणसांनी ती कामं टाकली. टाकली म्हणून बहिष्कार सोसला. आणि माझे काका ती परत उचलत होते, हसत हसत.

एका हिवाळ्यात, मी कॉलेजात असताना, असाच एक सांगावा देऊन आम्ही दोघं धरणाच्या काठाने परतत होतो. ऊन कोवळं होतं. पाणी हलत नव्हतं, त्यात पलीकडचे डोंगर उलटे लटकले होते, आणि कुठलं खरं कुठलं पाण्यातलं हे जरा वेळ पाहिलं की कळेनासं व्हायचं. काका थांबून बोटाने पाण्यात कुठेतरी दाखवू लागले. "आज्याची वाट हितनं जायाची. खाली हाय ती अजून. उन्हाळ्यात पानी उतरलं की जरा दिसती." मी पाहत राहिले. पाण्याखालून कुणीतरी खांद्यावर घोंगडी टाकून चालतंय, पाऊल वाजत नाही, तोंडातून शब्द निघतो आणि बुडबुडा होऊन वर येतो, असं काहीतरी मला दिसत होतं... आणि मग माझा राग उसळला.

"काका, ज्यांनी आपल्या आज्याला उभं राहायला लावलं, त्यांच्याच घरी तुम्ही सांगावे नेता. फोन आहेत आता. ज्याचं त्याला टाकू द्या ग्रुपवर."

"झालं का वाचून पत्रक?"

"चेष्टा करू नका."

"चेष्टा न्हाई. तू कदी बघितलंस का, मी गेल्यावर काय करतो?" ते एका दगडावर बसले. "आज्याला आंगनाबाहीर उभं करायचे. सांगावा घ्यायचे, पानी न्हाई द्यायचे. मी आत जातो. बसतो. पानी मागतो. त्यांच्या तांब्यानं, त्यांच्या घरात पितो. आनि मग सांगतो. पानी पेल्याबिगर मी मरान सांगत न्हाई. हा माझा हट्ट हाय. आज्यानं धाकानं केलं. मी मनानं करतो. दोन्ही येकच व्हय गं?"

मग तेच पुढे म्हणाले, "तुझ्या ग्रुपवर कोन कुनाला आत घेतंय? तितं समदीच आंगनाबाहीर उभी. हिकडनं वरडायचं, तिकडनं हात जोडायचं. तुझी पत्रकं टाक तितं, ती तितली हायेत. मानूस मेल्यालं तितं नगं टाकू."

आम्ही उठलो. पाण्यावरून वारा आला, डोंगर मोडले आणि पुन्हा जुळले. मी मनातल्या मनात वाद घालतच राहिले. माझं अजूनही सगळं पटलेलं नाही. दूर देशी असलेल्या लेकराला आईचं मरण तासाभरात कळतं ते फोनमुळेच, आणि ते कळणं लहान नाही. पण त्यांच्या त्या एका प्रश्नापुढे, धाकानं की मनानं, मी त्या दिवशीही थांबले होते आणि आजही थांबते. हे मी निवडलं आहे की सगळे करतात म्हणून करते? काकांनी निवडलं होतं.

तर त्या धुक्याच्या सकाळी, फोन पालथा ठेवल्यावर, पाच-दहा मिनिटांनी मी तो पुन्हा उचलला आणि काकूला लावला. एकदा चूक झाली होती, ती पुन्हा व्हायला नको होती. शांताकाकूचा आवाज शांत होता. "खरं हाय, बाय. पहाटं गेले. झोपेतच." मग म्हणाली, "सोनाआत्याला कळवायचं हाय. शेजारनीच्या फोनावर करू नगं म्हनून सांगून ठिवलंय तुझ्या काकांनी. दुपारी चारला न्यायचं हाय, तिच्याबिगर न्हाई न्यायचं. तू जाशील का?"

सोनाआत्या म्हणजे काकांची मोठी बहीण. धरणापलीकडच्या वाडीत एकटी राहते. मी स्कूटर काढली. पौड गेलं, माले गेलं, काकांच्या दारात माणसं जमलेली लांबून दिसली, पण मी थांबले नाही. मुळशीच्या पुढे रस्ता पाण्याला वळसा घालत जातो. धुकं पाण्यावरून उठून रस्त्यावर आलं होतं, भाताची कापलेली शेतं त्यात तरंगत होती, आणि मला सारखं वाटत होतं की माझ्या पुढे, जरा अंतरावर कुणीतरी चालतंय. जवळ जावं तर नुसतं धुकं. मी शब्द जुळवत होते. मला वाटायचं मला शब्द येतात. हजार माणसांसाठी येतात. एका बाईसाठी एकही येईना.

आत्या अंगणात भात पाखडत होती. मला पाहून सूप थांबलं. "तू कशी हितं? बबन न्हाई आला?"

मी आत गेले. खाली बसले. म्हणाले, "आत्या, पाणी दे."

ती सूप खाली ठेवून माझ्या मागोमाग आली होती. मग चुलीकडे गेली, तांब्या घेऊन आली. मी प्याले. एवढं थंड, एवढं अवघड पाणी मी कधी प्याले नव्हते. तिने तांब्या माझ्या हातातून घेतला, खाली ठेवला आणि म्हणाली, "झालं पिऊन? आता सांग."

मी सांगितलं. ती रडली नाही लगेच. बाहेर गेली, पाखडलेलं भात पोत्यात भरलं, पोत्याचं तोंड बांधलं, आणि त्या पोत्यावरच बसली. मी शेजारी बसले. पोत्याची गाठ चाचपत ती म्हणाली, "मागं येकदा शेजारच्या पोरीनं फोनावर त्याचा फोटू दावलेला. मेला म्हनं. मी म्हनलं, खोटं हाय. खरं असतं तर कुनीतरी आलं असतं." मग तिने माझा हात धरला, आणि मग रडली.

स्कूटरवर मागे बसून तिने सगळा रस्ता माझ्या पाठीला डोकं टेकवलं होतं. चारच्या आधी आम्ही पोचलो.

त्याला आता सात आठवडे झाले. फोनवर मी त्यांच्याबद्दल एक ओळही लिहिलेली नाही, लोक विचारतात तरी. फोन माझ्याकडे आहे, फेसबुकही आहे, परवाच रेशनच्या गैरकारभारावर मी तिथे कडक लिहिलं. पण हा लेख वर्तमानपत्राच्या पुरवणीला पाठवण्याआधी कागदावर लिहून मी माल्याला घेऊन गेले. सोनाआत्या अजून तिथेच राहते आहे. ती आणि काकू पुढच्या खोलीत बसल्या होत्या. त्या खोलीला गिलावा नाही. नुसत्या विटा, आणि त्यांवर हाताच्या पंजाएवढे गिलाव्याचे तुकडे, कुठे करडे, कुठे पिवळसर. नव्या कामावरची वाळू कशी बसते ते काका आधी या भिंतीवर लावून बघायचे. काकूला कुठला तुकडा कुठल्या घराचा ते पाठ आहे.

मी वाचलं. वाचून झाल्यावर आत्या म्हणाली, "लई शाना करून ठिवलायस त्याला. त्यो भांडखोर बी व्हता. माझ्या लग्नात जेवनावरनं रुसून बसला, ते लिव." तर लिहिते. बबनकाका भांडखोर होते, आणि बहिणीच्या लग्नात पहिल्या पंगतीत बसवलं नाही म्हणून रुसून मांडवाबाहेर जाऊन बसले होते. काकू म्हणाली, "आनि घोरायचे." तेही लिहिते.

तेवढ्यात शेजारची सुमन आली, काय चाललंय म्हणून. काकूने तिला बसवलं आणि मला म्हणाली, "हिनं न्हाई ऐकलं. पयल्यापसनं वाच." मी पहिल्यापासून वाचलं. अर्ध्यावर दोघं भाऊ आले, काकांच्या हाताखाली काम शिकलेले. पुन्हा पहिल्यापासून. प्रत्येक वेळी कुणीतरी काहीतरी दुरुस्त करत होतं, कुणी हसत होतं, आत्या तेवढ्याच ठिकाणी डोळे पुसत होती. माझा घसा बसला. खोलीत जागा उरली नाही, दोन बायका उंबऱ्याबाहेर उभ्या राहून माना आत घालून ऐकू लागल्या. काकू उठली, भिंतीशी सरकून बसली आणि त्यांना म्हणाली, "तितं नगा उभ्या ऱ्हाऊ. आत या."