तिची वजरी

सेक्टर दोनच्या नळावर तवा मी, शांता, देवकाबाई अन् ते वजरीवाली होती. कारखान्याच्या बांधकामावर आमी घमेले वाहत होतो. आमच्या हातावर मस, म्हंजे चामखीळ, माह्या हातावर सगळ्यात जास्त; तिचे हात साफ. मी मस ब्लेडनं कापले तं वाढलेच. शांता माह्या हातची भाकर खाये नाही.

टाचा घासाची वजरी ते कोणालेच देये नाही, घासून झाली का पदरात बांधे. मले लय जळण होये. एक दिवस मी तिची वजरी उचलून मसावर घासली.

तिनं पाह्यलं. "ठेव आता तुलेच व. एकीचे मस दुसरीले लागते, म्हणून देत नोती."

मंग ते खापरीनं टाचा घासे. माहे मस दोन वर्षांनं आपोआप गेले. तिच्या हाताचा हेवा नाही गेला.

वाचणाऱ्यानं वजरी आपापली ठेवावी.